बारावा बार

बपेरा, ता. तुमसर
९ मार्च २०२५

प्रिय गुंजन,
सप्रेम जय भीम.

तुझी आई दर रविवारी तुझ्यासंग फोनवर बोलते. मी बाजूले बसून तिच्या तोंडाकडे पाहतो. ती हसली का समजतो, पोरगी बरी आहे. मले तं काही ऐकू येत नाही. मंग ती सांगते एवढंच, 'जेवली म्हणते, पाऊस आहे म्हणते.' म्हणून आता मीच लिहून राहिलो. वहीच्या पानावर लिहितो, मोबाईलनं फोटो काढतो अन् तुले पाठवतो. तूही हातानंच लिहिजो. मोबाईलवरची छापील अक्षरं वाचली का मले नोटीस आल्यासारखं वाटते.

काल टीव्हीत ज्वालामुखी दाखवला. दगडाचं पाणी होऊन लाल लाल वाहत होतं, अन् लोक बाजूले उभे राहून फोटो काढून राहिले होते. आई म्हणली, 'पाहा, एवढं काही भेवाचं नाही.' पण डिसेंबरात नागपूरच्या विमानतळावर तू म्हणली होती, तुमच्या डोंगराखालची गावं रिकामी केली आहेत. मंग खरं कोणतं? सव्वीस वर्ष मी खाणीत सुरुंगाचे बार दिले. दगड काहून फुटते ते मले थोडंफार समजते. तुझा डोंगर कसा आहे ते मले समजंल असं लिहिजो. पोराबाळांले सांगतात तसं गोड करून नको.

तुझा बाबा,
तेजराम


वातुरे निरीक्षण चौकी, पूर्व इंडोनेशिया
१४ मार्च २०२५

प्रिय बाबा,
जय भीम.

तुमचं पत्र मी पाक योसेफना दाखवलं. पाक म्हणजे आपल्याकडचं काका. ते या चौकीवर एकतीस वर्षं आहेत. अक्षर त्यांना कळलं नाही, पण म्हणाले, 'हा माणूस दाबून लिहितो. हातानं काम केलेला आहे.'

तुम्ही विचारलंत खरं कोणतं. दोन्ही खरं, बाबा. डोंगराच्या आतला वितळलेला दगड पातळ आहे की घट्ट, आणि त्यात वायू किती कोंडलाय, यावर सगळं ठरतं. टीव्हीवर दिसला तो हवाई बेटांसारखा प्रकार. तिथला रस पेजेसारखा पातळ असतो. वायू सहज निघून जातो, म्हणून तो फुटत नाही, वाहतो. वाहून वाहून डोंगर असा पसरट होतो, की जमिनीवर ढाल पालथी ठेवलीय असं वाटावं. महाराष्ट्राचं पठारही अशाच पातळ रसाचं, पण तिथे डोंगराचं तोंड नव्हतं, जमिनीलाच लांबच लांब भेगा पडल्या होत्या. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचले. नागपूरच्या पश्चिमेला सपाट माथ्याचे, पायऱ्यापायऱ्यांचे काळे डोंगर दिसतात ते तेच. आपल्या भागात तो दगड नाही. तुम्ही ज्याला भोकं पाडलीत तो खडक त्याहून कितीतरी जुना.

रस जरा घट्ट असला की बुडबुडे येतात आणि दर दहा-वीस मिनिटांनी फुटतात. पेटते दगड वर उडतात, तोंडाभोवती पडतात, आणि धानाची रास घालावी तसा शंकू तयार होतो. आमचा वातुरे सध्या हेच करतोय. रोज ढुम्म ढुम्म करतो. लोक घाबरतात, आम्ही नाही घाबरत, कारण आतलं बाहेर येतंय.

रस फारच घट्ट झाला तर तो तोंडाशीच थिजतो. बूच बसतं. डोंगर गप्प होतो, आत वायू साठत राहतो, आणि एक दिवस बूच उडतं. मग राख, दगड आणि वायूचा तापलेला लोट उतारावरून मोटारीपेक्षा वेगानं खाली येतो. त्याच्यापुढे पळता येत नाही. त्याहून मोठा प्रकार म्हणजे आतली रसाची सगळी कोठीच रिकामी होते. मग डोंगर स्वतःतच खचतो आणि कोसभर रुंदीचं कुंड उरतं. अशा कुंडांत पुढे तलाव होतात, माणसं त्यात नावा चालवतात.

एकच डोंगर वेगवेगळ्या वेळी वेगवेगळा वागतो. वातुरे उंच आणि टोकदार आहे, एक थर राखेचा, एक थर दगडाचा. म्हणजे त्यानं वाहूनही पाहिलंय आणि फुटूनही.

पायथ्याची तीन गावं, तीनशे चाळीस घरं, नोव्हेंबरपासून समुद्रकाठच्या तंबूंत आहेत. डोंगरावर आमची चार यंत्रं आहेत, जमिनीचा बारीकसा हादराही टिपणारी. मी इथे त्यांचीच राखण करते. काळजी करू नका.

तुमची,
गुंजन


बपेरा
३० मार्च २०२५

प्रिय गुंजन,
सप्रेम जय भीम.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. आईले वाचून दाखवलं तं ती पेजेपाशीच थांबली. म्हणली, 'पोरीले तिकडे पेज भेटत असंल का?'

तो बूच बसणारा प्रकार मले चांगला समजला. आमच्याकडे त्याले फसलेला बार म्हणतात. भोकात दारू भरली, वात लावली, अन् बार उडालाच नाही. नवीन पोट्ट्यायले वाटते, नाही उडाला तं बरं झालं. पण खाणीत उडालेल्या बाराचं भेव नसते, न उडालेल्याचं असते. वात कुठंतरी आत धुमसत राहते. म्हणून बार मोजा लागतात. दहा भरले तं दहा आवाज आले पायजे. एक कमी आला तं अर्धा तास कोणी जाग्यावरून हलायचं नाही, असा नियम होता.

तुझा डोंगर रोज आवाज करते म्हणते, तं करू दे. गप्प बसला का मले कळवजो.

इकडे ऊन तापून राहिलं. बावनथडी नदीत पाणी कमी आहे. आईचा गुडघा दुखते, पण ती तुले सांगणार नाही, म्हणून मी सांगून राहिलो.

तुझा बाबा


वातुरे चौकी
२१ एप्रिल २०२५

प्रिय बाबा,

उशीर झाला लिहायला. तुम्ही म्हणाला होतात म्हणून कळवते, वातुरे अकरा दिवसांपासून गप्प आहे. धूरसुद्धा नाही. सकाळी टोकावर स्वच्छ निळं आकाश दिसतं. तंबूंतली माणसं आनंदात आहेत. कॉफीची फळं लाल व्हायला लागलीत, आणि ती तोडली नाहीत तर या लोकांचं वर्ष गेलं. पाच मेला सभा आहे. गावं परत वसवायची की नाही ते त्या दिवशी ठरेल. चौकीतर्फे अहवाल मी वाचायचा आहे.

दोन्ही यंत्रांवर रेघ सरळ आहे. बूच बसलं असतं तर आत बारीक हादरे सुरू झाले असते, ते नाहीत. तेव्हा डोंगर थंड होतोय असंच दिसतं. ज्यांच्या प्रकल्पावर मी इथे आले ते माझे प्राध्यापकही तेच म्हणतात.

तुमचा फसलेला बार वाचून कृष्णाकाका आठवले. मी आठ वर्षांची होते. आपल्या अंगणात बसून ते मला बोरं निवडून द्यायचे. ते प्यायलेले होते म्हणून थांबले नाहीत, आत गेले आणि बारात सापडले, असं सगळे म्हणायचे. इथे तसं बेफिकीर कोणी नाही, बाबा.

आईला गुडघ्याला तेल लावायला सांगा. मी सांगितलं म्हणून नका सांगू.

गुंजन


बपेरा
२५ एप्रिल २०२५

गुंजन,

एकच विचारतो. मार्चच्या पत्रात तू चार यंत्रं लिहिली होती. आता 'दोन्ही' लिहिलं. बाकीची दोन कुठं गेली?

बाबा


वातुरे चौकी
२८ एप्रिल २०२५

बाबा,

तुम्ही पोलिसात जायला हवं होतं.

दोन यंत्रं बंद आहेत. माथ्याजवळचं मार्चअखेरच्या राखेत गाडलं गेलं, आणि पूर्वेकडच्याच्या तारा तुटल्यात. सुटे भाग बंदरात अडकलेत. उरलेली दोन पायथ्याशी आहेत आणि नीट चालतात. अहवालात बंद यंत्रांबद्दल लिहिलेलं नाही. प्राध्यापक म्हणाले, आहे त्यावर लिही. उगाच शंका काढली तर प्रकल्प बंद होईल, आणि ही माणसं अजून तीन महिने तंबूत सडतील. सहा महिन्यांत तिथे दोन म्हातारी माणसं आणि एक बाळ वारलं, बाबा. तापानं. ज्वालामुखीनं इथे अजून कोणालाही मारलेलं नाही, तंबूंनी मारलंय. हेही मोजायला नको का?

तुम्हाला खाणीतलं कळतं, मला मान्य आहे. पण हे वेगळं आहे. इथे एक भोक आणि एक वात नसते.

रागानं लिहिलं असं समजू नका.

गुंजन


बपेरा
१ मे २०२५

गुंजन बेटा,

हे पान लिहायले मले दोन दिवस लागले. दोन पानं फाडली.

कृष्णराव प्यायलेला नव्हता.

दोन हजार चारचा ऑगस्ट होता. नदीपलीकडे मध्यप्रदेशातली ती खाण, आता बंद आहे, पाण्यानं भरली आहे. मी ब्लास्टर, कृष्णराव माझा जोडीदार. त्या दिवशी बारा भोकं भरली होती. वाती पेटवून आमी दोघं वळणामागे येऊन बसलो. मोजणं माझं काम. तवा माझे कान जाऊन दोन वर्ष झाली होती. डाव्यात सदा शिट्टी वाजे, उजव्यानं अर्धंमुर्धं ऐकू ये. मी कोणाले सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तं ब्लास्टरचं काम गेलं असतं. घर होतं, तुझी शाळा होती, असं मी स्वतःले समजावत होतो. मी कानानं मोजतच नव्हतो. बूट काढून तळपाय खडकाले टेकवत होतो, अन् हादऱ्यानं मोजत होतो. दोन वर्ष ते निभलं.

त्या दिवशी अकरा हादरे लागले. त्यातला एक जरा मोठा वाटला. मी मनात म्हटलं, दोन बार संगं उडाले.

कृष्णरावनं माझ्या तोंडासमोर येऊन विचारलं, 'तेजराम, बारा झाले का?'

मी म्हटलं, 'झाले.'

'मले अकराच वाटले गा.'

'दोन संगं होते. मी मोजले ना!'

तो हसला. म्हणला, 'तू म्हणतं तं झाले.' अन् बत्ती घेऊन पुढे गेला. बारावा बार मी कानानं ऐकला. माझ्या आयुष्यात साफ ऐकलेला तो शेवटचा आवाज.

चौकशी झाली. मी सांगितलं का मी थांब म्हटलं होतं, तो थांबला नाही. दारूची गोष्ट मी काढली नाही. ती कोणीतरी काढली, कारण वीस वर्ष बारावर काम केलेला माणूस असा जाईलच कसा, हे लोकायले समजत नव्हतं. प्यायला असंल, असं म्हटलं का सगळं जमून जाते. माझ्यासमोर विचारलं तवा मी नाही म्हणू शकत होतो. मी खाली मान घातली. त्याच्या पोराले, इश्वरले, शाळेत पोरं 'बेवड्याचा' म्हणत. त्याची बायको मंगलाबाई वर्षभरात त्याले घेऊन लाखनीले भावाकडे निघून गेली. या गोष्टीले एकवीस वर्ष होत आली. हे तुझ्या आईलेही माहीत नाही.

तू लिहिलं, खाणीतलं वेगळं अन् डोंगराचं वेगळं. असंल. तंबूतल्या बाळाचं लिहिलं ते वाचून मले रात्रीचं जेवण गेलं नाही. तुले काय करायचं ते तूच ठरवजो, सांगणारा मी कोण? पण तुझी दोन यंत्रं मेली आहेत, अन् तू म्हणते उरलेल्या दोनावर काम चालते. माझाही एक कान चालत होता.

बाबा


वातुरे चौकी
७ मे २०२५

बाबा,

तुमचं पत्र दोन तारखेला मिळालं. कृष्णाकाकांचा चेहरा डोळ्यांसमोरून जात नाही. तुमचाही.

सभेत मी अहवाल वाचला नाही. उठून सांगितलं, चारपैकी दोन यंत्रं बंद आहेत, माथ्याजवळ काय चाललंय ते आम्हाला कळत नाही. शांत आहे असं मी म्हणू शकत नाही, धोका आहे असंही म्हणू शकत नाही. मला कळत नाही, एवढंच खरं आहे. हे मी चार आठवडे लपवलं.

मग मागच्या रांगेतली एक बाई उठली. तिचंच बाळ तंबूत गेलं. तिनं विचारलं, 'मग आम्ही सहा महिने कोणाच्या शब्दावर बसलो होतो?' तिनं माझ्यावर चप्पल फेकली नाही, पण फेकली असती तर बरं वाटलं असतं.

परतणं तीन आठवडे पुढे ढकललंय. प्राध्यापकांनी फोनवर मला एवढंच सांगितलं, की पुढच्या वर्षी माझी जागा राहणार नाही. पाक योसेफ रागावले, पण वेगळ्या कारणानं. म्हणाले, 'भाग मिळत नाहीत हे मला का नाही सांगितलंस? माझ्या मोटरसायकलवर सामान नेलं असतं.' काल आम्ही दोघांनी जिल्ह्याच्या कचेरीतून जुनं यंत्र उसनं आणून माथ्याच्या खालच्या टेकाडावर बसवलं.

काही माणसं दिवसा गुपचूप कॉफी तोडायला जातात. त्यांना काय सांगावं?

गुंजन


बपेरा
१९ मे २०२५

गुंजन बेटा,

शनिवारी टीव्हीत तुझ्या बेटाचं नाव आलं. राखेचा खांब दाखवला. आईचा फोन लागत नाही, ती तीन दिवसांची मोबाईल हातात घेऊन बसली आहे. मी तिले सगळं सांगितलं, खाणीचंही. आधी पोरीचं कळू द्या, म्हणते.

एक ओळ लिहिजो. नुसतं नाव लिहिलं तरी चालंल.

बाबा


समुद्रकाठची छावणी
२४ मे २०२५

प्रिय बाबा, आई,

मी बरी आहे. काल आईशी फोनवर बोलता आलं, ती नुसती रडत होती. बाबांनी सगळं नीट वाचावं म्हणून हे लिहिते.

चौदा तारखेपासून उसन्या यंत्रावर बारीक हादरे दिसायला लागले. पायथ्याच्या दोन यंत्रांवर काहीच नव्हतं, रेघ सरळ. सोळाच्या सकाळी साडेनऊला हादरे एकामागोमाग एक येऊ लागले. मी भोंगा वाजवला. गावं रिकामीच होती, पण चौघे जण कॉफीच्या मळ्यात गेलेत हे पाक योसेफना माहीत होतं. मळे खोऱ्यात खोल, तिथे भोंगा पोचत नाही. त्यांनी मोटरसायकल काढली. मी म्हटलं, 'जाऊ नका.' ते म्हणाले, 'तू रेघ बघ. माणसं मी बघतो.'

चौघे त्यांना भेटले. तिघे धडधाकट होते. एक म्हातारा पायानं अधू. खोऱ्यातून वर डोंगराच्या धारेवर यायला चढ आहे. योसेफनी म्हाताऱ्याला आपल्या गाडीवर बसवलं, एकाला चालवायला दिली, उरलेल्या दोघांची एक गाडी होती. 'मी चालत येतो,' म्हणाले. चौघे धारेवर पोचले तेव्हा दहा चाळीस झाले होते. तेव्हाच बूच उडालं.

आधी मला आवाज आलाच नाही. माथा फुगल्यासारखा दिसला, मग करड्या रंगाचा खांब सरळ वर गेला आणि वर जाऊन पसरला. दोन-तीन मिनिटांनी खांबाची एक बाजू ढासळली आणि खोऱ्यात उतरली. ढगासारखी मऊ दिसत होती. कॉफीची झाडं तिच्यात गडप व्हायच्या आधीच पेटत होती. चार मिनिटांत तिन्ही गावं दिसेनाशी झाली.

योसेफ तिसऱ्या दिवशी सापडले. धारेपासून दोनशे पावलांवर.

आता डोंगर उतरल्यासारखा दिसतो. टोक नाही, तिथे मोठं तोंड आहे, आणि तोंडात घट्ट दगडाचा एक काळा घुमट हळूहळू वर येतोय. खोरं राहिलंच नाही. ते काठोकाठ भरून सपाट झालंय. राखेचं मैदान, अजून आतून तापलेलं. शाळेच्या छपराचं एक टोक तेवढं वर आहे. मी पुस्तकांत वाचलेलं सगळं नेमकं तसंच झालं. हे मैदान आधी नव्हतं, आता नकाशात येईल. पुढे केव्हातरी त्यावर माती होईल, चांगली होईल, लोक कॉफी लावतील. हे मी योसेफच्या बायकोला सांगायला गेले नाही.

मी तिच्याकडे गेले आणि सांगितलं, चार आठवडे आधी बोलले असते तर वरचं यंत्र केव्हाच बसलं असतं. दोन दिवसांऐवजी कदाचित आठ दिवस आधी कळलं असतं. मळ्यात कोणी गेलंच नसतं. ती म्हणाली, 'असेल.' तिनं मला जवळ घेतलं नाही आणि हाकललंही नाही. मी तिथे तिच्याबरोबर भाजी चिरत बसले. रोज जाते.

सभेतली ती बाई काल पाण्याच्या रांगेत माझ्या मागे होती. तिनं माझी बादली उचलून पुढे ठेवली.

तीनशे चाळीस घरं, बाबा. माणसं सगळी आहेत, एक सोडून.

गुंजन


बपेरा
१६ जून २०२५

प्रिय गुंजन,
सप्रेम जय भीम.

तुझं पत्र आल्यावर मी तीन आठवडे काही लिहिलं नाही. तुझा दोष नाही असं लिहावं, असं तुझी आई म्हणली. मी ते लिहित नाही. एकवीस वर्ष मले कोणी तसं म्हणलं असतं तं मी ऐकलं नसतं. पण तू चार आठवड्यांत बोलली.

एक तारखेले मी लाखनीले गेलो. आई संगं आली. हायवेच्या बाजूले इश्वरचं टायरचं दुकान आहे, मागे घर. मंगलाबाईचे केस पूर्ण पांढरे झाले. तिनं मले ओळखलं, पाणी दिलं. मी पाणी घेतलं नाही. म्हटलं, 'पहिले ऐकून घे, मंग द्यायचं का ते ठरवजो.'

मी सगळं सांगितलं. बारा भोकं, माझे कान, तो अकरा म्हणला ते, मी बारा म्हणलो ते. चौकशीत काय बोललो तेही. मधी ती थांब म्हणली नाही. सारं झाल्यावर तिनं हळू हळू, मले ओठ वाचता येतील असं विचारलं, 'त्या दिवशी तो प्यायला होता का?'

मी म्हटलं, 'नाही. त्या दिवशी नाही, कामावर कधीच नाही.'

ती उठली, दुकानातून इश्वरले बोलावून आणलं. त्याचे हात काळे होते, ते पुसत आला. मंगलाबाईनं त्याले माझ्यासमोर बसवलं अन् मले खुणेनं म्हटलं, याले सांग. मले ते सगळं दुसऱ्यांदा सांगा लागलं. पहिल्यापेक्षा दुसऱ्यांदा जड गेलं. बापासारखाच दिसते तो. गुंजन, मले वाटलं होतं तो मारंल. तो भिंतीकडे पाहत बसला. मंग काहीतरी बोलला, मले समजलं नाही. त्यानं ट्यूबच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्याच्यावर लिहिलं, 'हे बपेऱ्यात सगळ्यांसमोर सांगा. जिथं बदनामी झाली तिथं.'

मी हो म्हटलं. पाणी कोणी दिलं नाही. मी मागितलंही नाही.

काल रविवारी विहारात वंदना झाल्यावर मी उभा राहिलो. साठ-सत्तर माणसं होती. त्यातली निम्मी तवाची. इश्वर अन् मंगलाबाई सकाळच्या बसनं आली होती. ती गावात वीस वर्षांनी आली. मी कागदावर लिहून नेलं होतं, ते वाचलं. माझा आवाज मले येत नाही, म्हणून आई समोर बसली होती. कमी झाला का ती हात वर करे. चारदा हात वर करा लागला तिले.

वाचून झाल्यावर लोक एकमेकांकडे पाहत होते. काही उठून गेले. मारोती, माझा लंगोटी दोस्त, तोही गेला. माझ्या अंगावर कोणी आलं नाही, जवळही आलं नाही. मी कागद हातात धरून उभाच होतो.

मंग मंगलाबाई उठली. माझ्याकडे तिनं पाहलंच नाही. लोकायकडे तोंड केलं अन् काहीतरी बोलली. माझ्याकडे पाठ होती, ओठ दिसले नाही. मले फक्त समोरच्या माणसायचे चेहरे दिसले. पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या बायायनं माना खाली घातल्या. एकीनं पदर तोंडाले लावला.

ती अन् इश्वर चारच्या गाडीनं निघून गेली. घरी आल्यावर मी आईले विचारलं, ती काय म्हणली? आईनं माझी वही घेतली अन् तिच्या अक्षरात लिहून दिलं. तेच पान तुले पाठवून राहिलो:

'ऐकलं ना सगळ्यांनी? माझा माणूस शुद्धीवर होता.'

तुझा बाबा,
तेजराम